हिरवा दिवा किती दिवस लागला, तेही मोजा

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

विषय: गावात पोहोचलेली फायबर जिवंत ठेवण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपलं घराणं मूळचं साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचं, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितो आहे. मी दापोली तालुक्यात राहतो. 1988 साली टेलिफोन खात्यात मस्टरवर मजूर म्हणून लागलो, पुढे लाईनमन झालो आणि टेक्निशियन असताना 31 जानेवारी 2020 ला बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या एका दिवशी देशभरातून आम्ही 78 हजारांवर माणसं घरी गेलो. बत्तीस वर्षं खांबावर, चरात आणि एक्स्चेंजच्या खोलीत काढली. त्या अनुभवावरून आपल्याला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे केबल टाकल्याचा हिशेब होतो, चालू राहिल्याचा होत नाही.

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, पांढरी पेटी आहे. तिच्यावर बारीक दिवे आहेत. त्यातला ‘पॉन’वाला दिवा स्थिर हिरवा असला की तालुक्याहून निघालेला उजेड काचेच्या तारेतून पेटीपर्यंत पोचतोय असं समजायचं. ‘एल-ओ-एस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकायला लागला, की उजेड वाटेत अडला. गेल्या वर्षी गणपती यायच्या आठवडाभर आधी तो दिवा लाल झाला आणि दिवाळी झाली, भाऊबीज झाली, तरी लालच राहिला. या सगळ्या काळात सरकारी यादीत आमची पंचायत ‘सेवेसाठी सज्ज’ होती, कारण पेटी लावून झाली होती आणि एकदा ती चालूही झाली होती.

नेमक्या त्याच दिवसांत लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. आमचं गाव दरीत आहे, मोबाइलची रेंज अंगणातही धड येत नाही. बायका सकाळची कामं उरकून पंचायतीत यायच्या, लाल दिवा बघून परत जायच्या. शेवटी संगणक परिचालक मुलाने लॅपटॉप पाठीला लावला आणि सगळ्यांना घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर गेला. वरती एका काजूखाली बसून, मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून त्याने एकेकीचं काम केलं. ओटीपी आला की वाचून दाखवायचा, तेवढ्यात रेंज जायची, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या शेजारच्या वहिनी तीन वेळा सडा चढल्या. त्यांचा गुडघा दुखतो, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. पंचायतीत बसून दहा मिनिटांत व्हायचं काम होतं ते.

त्याच सप्टेंबरात तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. त्याची बातमी दुसऱ्या दिवशी जगभर झाली, वाहतूक दुसऱ्या मार्गांवरून वळवली गेली. समुद्राखालची केबल तुटली तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं. आमच्या रस्त्यावरच्या मोरीजवळची केबल तुटली तर काय करायचं, हेही कुणीतरी तसंच आधी ठरवून ठेवायला हवं.

मोरीचं सांगतो. रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि जेसीबीच्या दातात केबल आली. वेल ओढावी तशी पंधरा-वीस फूट उपटून निघाली. जेसीबीवाल्याला मी दोष देत नाही. नियमाप्रमाणे ही केबल 165 सेंटिमीटर खोल चरात, पाइपातून असायला हवी. माणसाच्या छातीच्याही वर जाईल एवढी ती खोली आहे. आमच्याकडे खाली जांभा आणि कातळ, तिथे तेवढं खणणं अवघड, म्हणून कमी खोलीची सवलत असते. पण तशी सवलत घेतली तर वर लोखंडी पाइप किंवा काँक्रीट घालायचं असतं. मोरीजवळ दोन्ही नव्हतं. केबल हातभर खोलीवर होती आणि वर मुरूम. ज्या ठेकेदाराने ती टाकली त्याचं बिल मीटरवर निघालं असणार. चर बुजवला की आत काय आहे ते कुणाला दिसतं? आम्ही खात्यात असताना चर बुजवायच्या आधी साहेब पट्टी घेऊन उतरायचे आणि खोली मोजून वहीत लिहायचे. काही साहेब चरात उतरायचे नाहीत, तेही खरं आहे, आणि त्यांच्या चरातल्या केबल आम्ही पुढे वर्षानुवर्षं जोडत राहिलो.

अकरा आठवड्यांनी दुरुस्तीची गाडी आली. दोन पोरं होती, कामाला चांगली. त्यांनी पंचायतीतून ओटीडीआर लावला. हे यंत्र काचेच्या तारेत उजेडाचा ठोका मारतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून तूट किती लांब आहे ते सांगतं. पडद्यावरची रेघ 6 किलोमीटरच्या जरा पुढे एकदम खाली पडली. तिथून पुढे पोरं अडली, कारण त्यांच्याकडे मार्गाचा नकाशा नव्हता. केबल रस्त्याच्या मापाने मोजत नाहीत. प्रत्येक चेंबरमध्ये दहा-दहा मीटरची गुंडाळी जास्तीची ठेवलेली असते. गुंडाळ्या किती आहेत हे ठाऊक नसेल तर 6 किलोमीटर म्हणजे नेमकं कुठे, ते सांगता येत नाही. मी त्यांना थेट मोरीवर नेलं.

तिथे ताडपत्री बांधून पोरं बसली. केबल 24 फायबरची. मध्ये नवा तुकडा घालायचा म्हणजे दोन टोकांना मिळून 48 जोड. एकेक फायबर केसाएवढी. तिच्यावरचं रंगीत आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायची, क्लीव्हरवर काटकोनात तोडायची, दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. आत निळसर ठिणगी पडते आणि काचेला काच चिकटते. जोड चांगला बसला तर उजेड जवळजवळ सगळाच पलीकडे जातो, एक धुळीचा कण मध्ये आला तर पुन्हा तोडून पहिल्यापासून. दुपारी एकला बसलेली पोरं दिवेलागणीला उठली. पंचायतीत जाऊन बघतो तर दिवा हिरवा.

महोदय, काम एका दुपारचं होतं आणि वाट पाहणं अकरा आठवड्यांचं. हेच माझं म्हणणं आहे.

आपल्या देशाने टेलिफोनच्या बाबतीत लहान कामं केलेली नाहीत. 1984 साली सी-डॉट ही टेलिफोनचं तंत्रज्ञान बनवणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं 128 पोर्टचं, म्हणजे तारा जोडायच्या 128 जागांचं, ग्रामीण एक्स्चेंज बसलं. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, गावाच्या उन्हाधुळीत ते चालायचं. मी अशा एक्स्चेंजवर काम केलंय. खराब झालेलं कार्ड ओढून काढायचं, चांगलं बसवायचं, आणि आमच्यासारखी दहावी शिकलेली माणसं हे करू शकायची. ज्यांनी ते बनवलं त्यांनी ते कोण दुरुस्त करणार याचाही विचार आधीच केला होता. मग 1995 आलं. 31 जुलैला मोबाइलवरून पहिला कॉल झाला, 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहेच.

पंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2011 चा. तेव्हा अडीच लाख पंचायती ठरल्या होत्या. आज सुमारे 2 लाख 14 हजार पंचायती सज्ज आणि 6 लाख 90 हजार किलोमीटरच्या आसपास केबल, असे आकडे आपलंच मंत्रालय देतं. त्या किलोमीटरमागे किती माणसांच्या हातांना घट्टे पडलेत ते मी पाहिलंय, त्यामुळे या आकड्यांना मी कधी हलकं म्हणणार नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये. त्यात 10 वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात घातली आहे आणि सरळ रेषेऐवजी रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने उजेड येईल. हे दोन्ही बदल अगदी बरोबर आहेत, ज्याने सुचवले त्याने जमिनीवरचं काम पाहिलेलं आहे. पण रिंगची एक भीती मला आत्ताच सांगू दे. आमच्यासारख्या डोंगरी भागात गावात शिरायला एकच रस्ता असतो. तिथे रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकल्या गेल्या, तर कागदावर रिंग होईल आणि जेसीबी एका दातात दोन्ही तोडेल. दुसरी बाजू विजेच्या खांबांवरून न्या, डोंगरापलीकडच्या तालुक्यातून आणा, काहीही करा, पण एकाच चरात दोन्ही बाजूंना परवानगी देऊ नका.

दुसरी गोष्ट विजेची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आम्ही निवृत्त होऊन चार महिने झाले होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं गेली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या, रस्त्यावर झाडं पडलेली, त्यामुळे जनरेटरला डिझेल पोचेना. माझा भाचा मुंबईत होता. आम्ही जिवंत आहोत हे त्याला पाचव्या दिवशी कळलं, तेही एक माणूस मोटारसायकलने महाडपर्यंत गेला आणि तिथून त्याने फोन लावला म्हणून. जुन्या तांब्याच्या फोनला घरात वीज लागत नसे, एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटरीवर तो वाजायचा. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही, तांब्याचा काळ संपला. पण फायबरच्या पेटीला गावातच वीज लागते, म्हणून प्रत्येक पंचायतीच्या छपरावर सौर पॅनल आणि चार दिवस पुरेल अशी बॅटरी हवी. ती बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात कुलपाखाली हवी, आणि पाणी-ॲसिड बघायला एक नेमलेला माणूसही.

पैशांचं म्हणाल तर तरतूद आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले 5 टक्के ग्रामीण सेवेसाठी बाजूला काढले जातात. 2023 च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला डिजिटल भारत निधी असं नाव दिलंय. आमच्या दरीतल्या माणसाने केलेल्या रिचार्जचाही त्यात वाटा आहे. खोदण्याआधी जमिनीखाली कुणाची काय लाइन आहे ते विचारायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप मार्च 2023 पासून आहे. मोरीवरच्या जेसीबीवाल्याला मी विचारलं, त्याने नावही ऐकलेलं नव्हतं. रस्त्याची वर्क ऑर्डर देतानाच त्या ॲपची पावती सक्तीची केली आणि केबल तुटली तर भरपाई बिलातून कापली, तर तो ऐकेल. ऐकावंच लागेल.

आणि आता माझी मुख्य विनंती. पेटी चालू आहे की बंद, हे वरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसतं. तो आकडा आम्हाला द्या. महिन्यात किती दिवस दिवा हिरवा होता, तो आकडा पंचायतीच्या फळ्यावर लागू दे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवला जावा, आणि ग्रामसभेने सही केल्याशिवाय देखभालीचं बिल निघू नये. केबल जिथे तुटली ते गावाला सगळ्यात आधी कळतं. ती कधी जोडली तेही गावालाच कळतं. मग साक्ष गावाची का नको?

सुधारित योजनेत गावपातळीवरच्या उद्यमींना जागा आहे, घरोघरी जोडणी द्यायला. त्यांना दुरुस्तीचंही काम द्या. आमच्या वाडीत दोन मुलं आहेत, आयटीआय झालेली. निवृत्तीनंतर मी त्यांना जोड शिकवला. जुन्या केबलच्या तुकड्यांवर त्यांनी इतका सराव केलाय की आता त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मोरीवर केबल तुटली त्या संध्याकाळी ती दोघं तिथे उभी होती, पण केबलला हात लावायचा त्यांना अधिकार नाही आणि जोडायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. दहा-बारा पंचायतींत मिळून एक यंत्र, एक ओटीडीआर, मार्गाचा नकाशा आणि अशी दोन माणसं दिली, तर अकरा आठवड्यांचं काम दुसऱ्या दिवशी होईल. मजुरी जोडामागे देऊ नका. दिवा हिरवा राहिल्याच्या दिवसांवर द्या, म्हणजे केबल तुटू नये म्हणून ती मुलं स्वतःच जेसीबीपुढे उभी राहतील.

त्या दोघांचे दाखले मी पंचायतीत देऊन ठेवले आहेत. आपल्या मंत्रालयातून कुणी विचारायला आलं, तर ते कागद संगणक परिचालकाच्या कपाटात, पांढऱ्या पेटीच्या खालच्या कप्प्यात मिळतील.

आपला नम्र,
एक निवृत्त टेलिफोन टेक्निशियन
ता. दापोली, जि. रत्नागिरी