मनू, गाडी ठरवायच्या आधी हे वाच

प्रिय मनू,

तू पाठवलेला तक्ता काल रात्री दोनदा बघितला. टोयोटाची कॅमरी, होंडाची अ‍ॅकॉर्ड, ह्युंदाईची सोनाटा, तिन्ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, शेजारी शेजारी मांडल्यायस, शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज आणि जिचा आकडा मोठा तिच्यावर हिरवी खूण. मेहनत घेतलीयस हे दिसतंय गं, पण ती खूण बघून मला राहवेना. फोनवर नीट बोलणं होत नाही, मधेच पिल्लू उठतं, म्हणून बसून लिहितेय, तू पण सावकाश वाच.

आधी तो रकाना. ते आकडे लॅबमधे गाडी रोलरवर चालवून काढलेले असतात, आणि टेस्ट पण एकच नसते, युरोपात 2017 पासून डब्ल्यूएलटीपी नावाची टेस्ट आहे, अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची वेगळी, त्यामुळे एकाच गाडीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात. तू तिन्ही आकडे एकाच टेस्टचे घेतलेयस का ते तपास, नाहीतर ती तुलनाच नाही. आणि समजा एकाच टेस्टचे आहेत, तरी हिशोब करून बघ. तुझी आत्ताची पेट्रोल गाडी लिटरला 12 देते, हायब्रिड 20 देईल असं धर, तर महिन्याला 1000 किलोमीटरमागे 83 लिटरच्या जागी 50 लिटर लागतील, म्हणजे 33 लिटर वाचले. आता 20 वाली आणि 22 वाली यात फरक किती? साडेचार लिटर. महिन्याला फक्त साडेचार लिटर! मोठी बचत हायब्रिड घ्यायचं ठरवलंस तिथेच झाली, आता तीन हायब्रिडमधली निवड करताना अ‍ॅव्हरेजला एवढं डोक्यावर घेऊ नकोस. तेवढ्यासाठी दहा-बारा वर्षं अवघडून बसायचं का?

खरा फरक आहे तो आतली यंत्रणा कशी चालते यात. टोयोटाचं डिझाइन मुळात 1997 च्या प्रियसपासूनचं, इंजिन आणि दोन मोटर्स एका प्लॅनेटरी गिअरने (मधे एक दातेरी चाक आणि त्याभोवती फिरणारी छोटी चाकं) जोडलेल्या असतात, नेहमीसारखे गिअर पडतच नाहीत. त्यात झीज होणारे भाग कमी, म्हणून मला ते आवडतं, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि गाडी मागून पळते असं वाटतं, काहींना ते अजिबात सहन होत नाही. होंडात उलटं आहे, शहरात बऱ्याच वेळा इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटरच फिरवते, हायवेला एका ठराविक वेगानंतर क्लच लागतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ह्युंदाईने मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसवलीय आणि गिअरबॉक्स नेहमीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, त्यामुळे तुझ्यासारखी इतकी वर्षं साधी ऑटोमॅटिक चालवलेली व्यक्ती त्यात बसली की तिला वेगळं काही शिकावं लागत नाही. यातली कुठली चांगली हे मी इथून सांगणार नाही, कारण ते चालवल्यावरच कळतं आणि चालवणार तू आहेस.

पण चालवायची कशी ते मात्र सांगते. सेल्सवाला तुला सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटं फिरवून आणेल, त्यावर ठरवू नकोस. गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी पहिली तू चालू कर, थंड इंजिन चालू होताना किती थरथरतं ते तेव्हाच कळतं, आधी कोणी गरम करून ठेवली असेल तर सगळ्याच गाड्या गोड वाटतात. मग ऑफिसच्या रस्त्याने ने, ट्रॅफिकमधे हळूहळू पुढे सरकताना ब्रेक दाबून बघ, कारण हायब्रिडमधे आधी मोटर वेग खाते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते, आणि अगदी शेवटी खरा ब्रेक लागतो, या दोघांमधली अदलाबदल काही गाड्यांत पायाला जाणवते आणि थांबताना गचका बसतो. मागे झोपलेलं बाळ असलं की तो गचका लहान गोष्ट नसते. आणि चार माणसं बसवून एक लांब चढ चढ. या गाड्यांची बॅटरी छोटी असते, साधारण एक ते दीड किलोवॉट-तास, लांब चढावर ती लवकर उतरते आणि मग सगळा भार एकट्या इंजिनावर. लांब उतारावर बॅटरी भरली की मोटर आणखी वीज घेऊ शकत नाही, तेव्हा गाडी कशी आवरते तेही बघून ठेव.

अजून एक. प्रत्येक ‘हायब्रिड’ लिहिलेली गाडी तसली नसते. 48 व्होल्टची माइल्ड हायब्रिड असेल तर त्यातली मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. प्लग-इन चांगली असते, पण रोज चार्जिंगला लावायची सोय नसेल तर ती जड बॅटरी नुसतीच वाहून न्यायची, तुझ्या पार्किंगमधे प्लग नाहीये, तेव्हा तो विचार सोड.

बॅटरीची भीती तू विचारली होतीस. माझी हायब्रिड सात वर्षं झाली, बॅटरीने त्रास दिला नाही, त्रास दिला तो तिच्या हवेच्या जाळीने. मागच्या सीटच्या बाजूला ती जाळी असते, त्यातून हवा ओढून पंखा बॅटरी थंड ठेवतो. मी वर्षभर तिथे एक पिशवी टेकवून ठेवली होती, एक दिवस भर उन्हात वॉर्निंग लाइट लागला, गॅरेजात उघडून बघितलं तर फिल्टरवर धुळीचा जाड थर. साफ केला आणि लाइट गेला. तेव्हापासून दर सर्व्हिसला तो साफ झालाय का हे मी स्वतः विचारते. तू घेशील त्या गाडीत ती जाळी कुठे आहे ते पहिल्या दिवशीच बघ, कार सीट आणि दुपटी नेमकी त्यावर यायला नकोत. आणि छोटी 12 व्होल्टची बॅटरी विसरू नकोस, ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही, म्हणजे चालूच होत नाही. तू बाळंतपणात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवली होतीस, तसं आता चालणार नाही. मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, वर्षं आणि किलोमीटर दोन्ही बघ, जे आधी संपेल ते लागू.

डिकी उघडून बघ, फोटोवर जाऊ नकोस. मागची सीट दुमडते का, खाली स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट दिलंय. बाबागाडी डिकीत घालूनच बघ, मोजपट्टीने कळत नाही कारण तोंड अरुंद असतं.

आणि मागच्या सीटचं मला सगळ्यात जास्त वाटतं. या सगळ्या सेडानचं छत मागे उतरत जातं, दिसायला छान, पण बाळाला आत ठेवताना वाकून तुझी कंबर जाईल, आणि बाबांचा गुडघा तर तुला माहितीच आहे. तू पुढे बसून गाडी पसंत करशील आणि मागे बसणारे आम्ही. तेव्हा शनिवारी जाशील तेव्हा कार सीट बरोबर घे, आम्ही दोघं येतो, बाबा मागे डावीकडे, मधे पिल्लू, मी उजवीकडे, आणि तू तो चढ चढवून दाखव. हिरवी खूण घरी आल्यावर करू.

तुझी,
आई