भोसरीच्या काकांना, लाकूड फोडायच्या मशीनबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण अट तुमचीच. “नाव छापलंस तर उद्या लोक फुकटात सील बदलून घ्यायला दारात रांग लावतील,” म्हणालात. पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचाच घेतलात. मग आभार मानायचे तरी कसे? म्हणून हे उघड पत्र. जुनं मशीन घ्यायला निघालेल्या आणखी कुणाला तुमची शिकवण उपयोगी पडली तर पडू दे.

आमची वखार जळणाची. गिऱ्हाईक म्हणजे बेकऱ्या, चुलीवरची मिसळवाले आणि सिंहगडाच्या पायथ्याची पिठलं-भाकरीची हॉटेलं. घण आणि पाचर घेऊन बाभळीचा ओंडका फोडणारी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तरी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघून जातात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा! तेलाच्या दाबानं पाचर ढकलून लाकूड फोडणारं नवं मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून जुनं शोधत होते. भोसरीत होज (दाबाचं तेल नेणारी जाड नळी) क्रिंप करून, म्हणजे टोकाला जोड दाबून बसवून देणाऱ्या दुकानात मी त्याचीच चौकशी करत होते आणि तुम्ही मागे तुमचा होज घेऊन उभे होतात. ओळख ना देख, म्हणालात, “पोरी, बघायला जाशील तेव्हा मला सांग. मी येतो.” आणि खरंच आलात, ते रविवारचं जेवण सोडून.

निघायच्या आधी मालकाला माझ्याकडून एकच निरोप द्यायला लावलात: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. तिथे पोचल्यावर राम राम करायच्या आधी तुम्ही सायलेन्सरजवळ हात नेलात आणि माझ्याकडे बघून हसलात. कोमट होता! गरम इंजिन कसंही चालू होतं, खरी परीक्षा थंड असताना. मग तिथेच कट्ट्यावर बसून ते पूर्ण निवेपर्यंत तुम्ही मालकाशी पालखीच्या गप्पा मारल्यात. भांडण नाही, टोमणा नाही. ही हातोटी मला अजून जमलेली नाही.

दुसरी गोष्ट मला दिसलीच नसती. मशीन उभं, पाचर वरून खाली येणारी. तिला दोन दांडे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबले तरच पाचर उतरते, एक सोडला की थांबते. म्हणजे पाचर चालू असताना हात ओंडक्यावर असूच शकत नाही. त्यातला एक दांडा तारेनं करकचून बांधलेला होता, काम झटपट व्हावं म्हणून. तुम्ही खिशातून पक्कड काढली, तार तोडली, तिचे तुकडे मालकाच्या हातावर ठेवलेत आणि मगच बाकीचं मशीन बघायला घेतलंत. आमच्या वखारीत आज नियम आहे तो तुमचाच: ओंडका ठेवणारा आणि दांडे दाबणारा माणूस एकच. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं दाबायचं, हे बंद.

मशीनवर ‘२५ टन’ असं मोठं स्टिकर होतं. तुम्ही व्हर्नियर लावलंत. सिलिंडर बाहेरून १२० मिमी, भिंत १० मिमी धरली तर बोअर, म्हणजे आतला व्यास, १०० मिमी. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. बरोबर आणलेलं दाब मोजायचं गेज जोडलंत, तर २०० बारला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) उघडला. दर चौरस सेंटिमीटरला २०४ किलो धरा, गुणाकार करा, येतात सोळा टन. पंचवीस हवे असतील तर दाब ३०० बारच्या पुढे न्यावा लागेल आणि तो पंप तेवढ्यासाठी नव्हताच. मालक म्हणाला, रिलीफचा स्क्रू आवळून देतो. त्यावर तुम्ही म्हणालात, “स्क्रू आवळून टन वाढत नाहीत, होज फुटतो.” आणि मला बाजूला घेऊन, “आपल्या बाभळीला सोळा पुरे. पण पंचविसाचे पैसे का द्यायचे?” (नंतर सिलिंडर उघडला तेव्हा मी मुद्दाम मोजलं. बोअर शंभरच निघाला.)

पाचर ढकलणाऱ्या रॉडवर नख फिरवायला तुम्ही मलाच सांगितलंत. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या क्रोमवर एका जागी नख अडकलं. तिथे सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, घासणार आणि तेल गळणार. टाकीतलं तेल दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी. कारणही लगेच सापडलं: ब्रीदरचं, म्हणजे टाकीत हवा ये-जा करायच्या भोकाचं, टोपण नव्हतं, भोकात कापडाचा बोळा. मग पाचर शेवटपर्यंत खाली नेऊन इंजिन बंद केलंत, रॉडच्या बाजूचा होज सोडलात, त्याखाली डबा लावलात आणि पुन्हा चालू करून दाब दिलात. जिथून तेल यायलाच नको त्या तोंडातून धार लागली. पिस्टनचं सील गेलेलं. एवढं सगळं मालकासमोर झाल्यावर भाव मी एकटीनं केला. तुम्ही मुद्दाम गेटबाहेर जाऊन उभे राहिलात.

दुरुस्ती थोडक्यात सांगते. सील किट, दोन्ही होज, रॉडला हार्ड क्रोम, टाकीची सफाई, नवा ब्रीदर. पंप टाकीतून तेल ओढतो तिथली सक्शनची जाळी गाळानं इतकी माखली होती की पंपातून खडे दळल्यासारखा आवाज का येत होता ते कळलं. बिचाऱ्याला तेलच पुरत नव्हतं. पंप थकलेला आहे म्हणून तेल तुम्ही ६८ नंबरचं, म्हणजे जरा दाट, सुचवलंत.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे ती पुठ्ठ्यासाठी. नवा होज बसवल्यावर जोडाजवळ ओल दिसली आणि आमचा पोरगा बोट लावायला पुढे झाला. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा ओरडलात. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबानं निघालेलं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत हात सडायला लागतो. लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून, आणि जोड आवळायचा तो इंजिन बंद करून, दाब उतरवून. मशीनशेजारी खिळ्याला आता कायम एक पुठ्ठा टांगलेला असतो.

तुमचं एक मात्र मी ऐकलं नाही. तुम्ही मोटर बसव म्हणत होतात, मी पेट्रोल इंजिनच ठेवलं. ओंडके पडतात वखारीच्या मागच्या टोकाला, तिथवर थ्री-फेज ओढायचं तर पावसाळ्यात केबलची चिंता. यावर आपलं एकमत होणार नाही, हे धरून चालू या.

यंदा पावसाळ्यात रॉड पूर्ण आत घेऊन, वर ताडपत्री टाकून मशीन ठेवलं. कार्ब्युरेटर रिकामा केला होता. गणपतीनंतर काढलं तर बऱ्यापैकी लवकर चालू झालं. तेल स्वच्छ आहे, दुधाळ नाही.

एक विचारायचं राहिलं. गेल्या डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात पाचर फार हळू उतरायची. पाच-दहा मिनिटं मोकळं चालवलं की सुधारायची. यंदा थंडीपुरतं ४६ नंबर भरू का, की थकलेल्या पंपाला ते पातळ पडेल?

खंडेनवमीला मशीनची पूजा आहे. नारळ तुम्हीच फोडायचा. पीएमपीनं येऊ नका, आदल्या दिवशी टेम्पो भोसरीत माल टाकायला येतोय, येताना तुम्हाला घेऊन येईल. काकूंनाही आणा. मुक्कामाची सोय केली आहे.

तुमची,
वखारवाली