मेसेज परक्याला, चार्ज आम्हाला

महोदय,

ग्रामीण भागातल्या मोबाइल बँकिंगवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेख छान आहे, फोटो त्याहून छान. बांधावर उभा शेतकरी, हातात नवाकोरा स्मार्टफोन आणि चेहऱ्यावर हसू. तो कशाला हसतोय ते लेख संपेपर्यंत कळलं नाही. बँकेचं काम फोनवर करताना असं हसू फुटलेला माणूस निदान आमच्या भागात तरी माझ्या पाहण्यात नाही.

लेखकमहाशयांनी सगळ्या सोयी एकेक करून सांगितल्या. पण ही सगळी जनावरं ज्या एका खुंट्याला बांधली आहेत, त्या खुंट्याबद्दल अवाक्षर नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर हा तो खुंटा. तो उपटला गेला की काय होतं, ते आमच्या घरी येऊन बघा.

माझ्या चुलतीच्या नावावर थोडी जमीन आहे, त्यामुळे पीएम किसानचे पैसे तिच्या खात्यात येतात. खातं काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, काकांचा. तोच नंबर फॉर्मवर गेला. पुढे काका वारले. घरात सुतक असताना त्यांच्या सिमला रिचार्ज मारायचं कुणाच्या डोक्यात येणार? नव्वद दिवस नंबर वापरला नाही की कंपनी तो बंद करू शकते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते. नियमच तसा आहे, कंपनीला बोल लावत नाही. फक्त ही खबर बँकेला कुणी दिली नाही आणि बँकेनं कुणाला विचारली नाही.

पासबुक भरून आणलं तेव्हा दर तिमाहीला सतरा रुपये सत्तर पैसे कापलेले दिसले. पंधरा रुपये मेसेजचे, वर जीएसटी. काकू म्हणाली, "मला मेला कधी मेसेज आलाय?" प्रश्न बिनतोड होता. म्हणून काकांचा जुना नंबर लावून पाहिला. एका तरुण मुलानं उचलला. मी बँकेचं नाव काढताच म्हणाला, "अहो, बरं झालं फोन केलात. त्या मावशींना सांगा, परवाच दोन हजार जमा झालेत." काकूच्या खात्यात शिल्लक किती, हे आम्हा घरच्यांना ठाऊक नव्हतं, या पोराला पैशापर्यंत ठाऊक होतं. मुलगा सज्जन निघाला म्हणून बरं. एखादा दिवटा निघाला असता तर?

नंबर बदलायला काकूला घेऊन तालुक्याच्या शाखेत गेलो. (बँकेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारची बँक हसेल, आणि तिलाही हसायचा काही अधिकार नाही.) काउंटरवरचे साहेब म्हणाले, "त्यासाठी इथवर कशाला आलात? ॲपवरून होतं ना." आता ॲप चालू करायला बँकेत नोंदलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, आणि ते सिम त्या पोराच्या खिशात. मग म्हणाले, एटीएमवर करा. काकूच्या रुपे कार्डाची मुदत केव्हाच संपलेली. नवं कार्ड कधी येईल? "निघालं की मेसेज येईल." कुणाला येईल, हे मी काकूसमोर विचारलं नाही. अखेर कागदी अर्ज भरला, आधारची झेरॉक्स जोडली. पोच मागितली तर साहेब जवळजवळ दुखावलेच. "पोच कसली? सिस्टीमला टाकतो की."

पुढच्या तिमाहीला सतरा रुपये सत्तर पैसे पुन्हा कापले गेले. आणि त्या पोराचा मला फोन आला, "मावशींचे आले बरं का." बँकेपेक्षा त्याची सेवा तत्पर आहे. सतरा रुपये त्यालाच द्यावेत असं आता वाटू लागलंय.

मेसेजचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. परक्याच्या फोनवर गेलेला मेसेज हा आमचा वापर कसा, हे एखाद्या बँक अधिकाऱ्यानं आपल्या अंकातूनच समजावून सांगावं.

आपल्या लेखात *९९# ची, म्हणजे फोनवरून हा नंबर फिरवून बँकेचं काम करायच्या सोयीची, फार वाखाणणी आहे. इंटरनेट लागत नाही, साधा बटणांचा फोन चालतो, मराठीही आहे. खरं आहे सगळं. पण ते चालतं खात्याला जोडलेल्या नंबरावरूनच, आणि पिन बसवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे व मुदतीची तारीख लागते. साध्या फोनवरून पैसे पाठवायला म्हणून २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे या सेवेलाही नोंदलेला नंबर लागतोच. आधारच्या ओटीपीवर पिन बसवता येतो म्हणाल, तर आधारलाही काकांचाच नंबर आहे.

राहता राहिला बँकमित्र, म्हणजे गावात बँकेच्या वतीनं पैसे देणारा-घेणारा माणूस. काकूचे पैसे निघतात ते त्याच्या मशिनवर अंगठा लावून. शेतात खुरपून झिजलेला अंगठा, पहिल्यांदा उठत नाही. "काकू, परत लावा." परत लावला. पहिल्या वेळी पैसे वजा झाले की नाही? मशिनमधला कागदाचा रोल संपलेला असतो. मग हे सांगणार कोण? मेसेज. तो कुठे जातो ते वर लिहिलंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थानं खात्यातून पैसे काढले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाला भुर्दंड पडत नाही. नियम चांगला आहे. पण काकूचे तीन दिवस कधी सुरू व्हायचे? त्या पोरानं मेसेज वाचला तेव्हापासून?

याला उपाय नाही असंही नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी दूरसंचार खात्याकडे असते आणि ती वापरून आपल्या नोंदी तपासा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या बँकांना कळवलं. म्हणजे यादी आहे, आदेश आहे, खात्यावर नंबर आहे. ताडून बघायचं काम तेवढं कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. चार्ज कापायचं काम मात्र एकाही तिमाहीला चुकलेलं नाही.

रिचार्जचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज असलेले पॅक ठेवा, असं ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं. पॅक निघाले, पण दुकानदार ते आपणहून सांगत नाही, विचारलं तर "ते परवडत नाही तुम्हाला" म्हणून डेटाचाच पॅक गळ्यात मारतो. काकूचा फोन बटणांचा. दिवसाला दीड जीबी ती कशाला लावणार, चुलीला?

आपल्या लेखकांचा पुढचा भाग येत्या आठवड्यात आहे असं खाली छापलंय. त्यात त्यांनी फोटो दिला नाही तरी चालेल. नंबर बदलण्याचा अर्ज शाखेनं किती दिवसांत निकाली काढायचा, त्याची पोच द्यायची की नाही आणि तोवर कापलेले मेसेजचे पैसे परत कुणाकडे मागायचे, एवढं विचारून छापावं. हे पत्रही जमल्यास पूर्ण छापावं. मागच्या वेळी विजेच्या बिलावरच्या माझ्या पत्राचं फक्त "महोदय" आणि आभार छापून आले होते.

आपला,
एक जुना वर्गणीदार