हत्ती धरून जुना कागद जमवताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हत्ती हा एकच शब्द धरून जुनी चित्रं, व्यंगचित्रं, काडेपेटीच्या छापा, जाहिरातीची कार्डं असा छापील कागद जमवायचं तू ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. विषय एकच राहिला की बदलतं ते फक्त हे: कागद कशाने छापला, कोणासाठी छापला आणि कशावर चिकटवला. ते बदल ओळखायला शिकणं हाच या छंदाचा खरा लाभ. म्हणून पहिला आग्रह असा की संग्रह सालवार किंवा देशवार लावू नकोस, छपाईच्या पद्धतीप्रमाणे लाव. हत्ती नंतर बघ, आधी शाई बघ.

त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घे. त्याहून जास्त ताकदीचं घेऊन उपयोग नाही, नजरेत एवढासाच तुकडा मावतो आणि आकृती कळत नाही. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि कागद वर आणायचा, उलटं नाही. प्रकाश बाजूने, तिरपा पडू दे.

सुरुवात लाकडी ठोकळ्यावरच्या कोरीव चित्रांपासून कर, कारण ती ओळखायला सर्वांत सोपी. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचा म्हणून जो हत्ती सगळ्यांना माहीत आहे, तो व्यंगचित्रकार थॉमस नास्टने ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाच्या 7 नोव्हेंबर 1874 च्या अंकात काढला. तेव्हाचा अध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा अध्यक्षपदाला उभा राहणार अशी आवई उठली होती. चित्रात सिंहाचं कातडं पांघरलेलं गाढव, म्हणजे ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ हे वृत्तपत्र, बाकीच्या जनावरांना घाबरवतंय आणि ‘रिपब्लिकन मतं’ असं अंगावर लिहिलेला हत्ती बिथरून खड्ड्याच्या तोंडाशी आलाय. हे पान भिंगाखाली धर. काळ्या रेषांमधली पांढरी जागा कोरणीने काढलेली असते, तिच्या कडा धारदार दिसतात. आता चित्राच्या मधून आरपार जाणारी, केसाएवढी पांढरी सरळ रेघ शोध. बॉक्सवुडचं झाड बारीक खोडाचं, त्याचा मोठा ठोकळा निघत नाही. म्हणून लहान तुकडे बोल्टने जोडून मोठ्या चित्राचा ठोकळा करायचे. घाईच्या वेळी तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटायचे आणि मग पुन्हा आवळायचे. जोड जरा सैल राहिला की तिथे शाई लागत नाही. ती रेघ हत्तीच्या पोटातून गेली तरी दोष मानू नकोस, ती कामाची खूण आहे. पण रेघ नुसती दिसली म्हणून पान अस्सल ठरत नाही, फोटोवरून काढलेल्या नकलेतही ती येते. अस्सल पान साधारण 28 बाय 40 सेंटिमीटरचं असतं आणि अंकातून काढलेलं असल्यामुळे मागे बहुतेक वेळा दुसरा मजकूर असतो. मागची बाजू कोरी आणि कागद पांढराशुभ्र असेल तर जपून. आणि रंगीत असेल तर रंग नंतर कोणीतरी हाताने भरलाय, कारण त्या काळी हे साप्ताहिक काळ्या शाईतच निघायचं. रंगीत पानाचे जास्त पैसे मागतात, ते देऊ नकोस.

यानंतरचा टप्पा रंगीत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईचा, आणि तिथे मात्र तू रमशील. यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. साध्या कार्डाला पाच-सहा रंग, चांगल्या कामाला दहा-बारा. छटा आणण्यासाठी कारागीर दगडावर हाताने ठिपके द्यायचा. भिंगाखाली ते ठिपके वेडेवाकडे दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ, ओळीत कुठेच नाहीत. हीच अस्सलपणाची मोठी खूण. आजची नक्कल ऑफसेटवर असेल तर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार जमलेले दिसतात. इंकजेटची असेल तर सगळीकडे बारीक तुषार. लेझरची असेल तर अक्षरांच्या कडेला काळ्या भुकटीचे कण सांडलेले आणि पृष्ठभागाला चकाकी. चौकटीत ओळीने मांडलेले एकाच रंगाचे ठिपके दिसले तर तो हाफटोन ब्लॉक, म्हणजे 1880 च्या दशकाच्या अलीकडचं काम.

शिळाछापात जंबोची कार्डं मुद्दाम शोध. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जंबो नावाचा आफ्रिकी हत्ती बार्नमच्या सर्कशीला 2,000 पौंडांना विकला. इंग्लंडात मोठा गहजब झाला, तरीही एप्रिल 1882 मध्ये तो न्यूयॉर्कला उतरलाच. पुढे 15 सप्टेंबर 1885 ला कॅनडात सेंट थॉमस इथे मालगाडीच्या धडकेने मेला. या साडेतीन वर्षांत अमेरिकेतल्या दोरेवाल्यांपासून औषधवाल्यांपर्यंत सगळ्यांनी त्याची जाहिरात कार्डं काढली. विलिमँटिक दोऱ्याच्या कार्डावर तर त्या दोऱ्यानेच जंबोला ओढून नेताना दाखवलंय, म्हणजे दोरा किती मजबूत ते बघा! ही कार्डं साधारण 7.5 बाय 12 सेंटिमीटरची. पुष्कळशी आधी नुसती चित्राची छापलेली असत आणि दुकानदार कोऱ्या जागेत आपलं नाव काळ्या शाईत वेगळं छापून घ्यायचा. त्यामुळे एकच हत्ती चार दुकानांच्या नावाने सापडतो. चारही घे, ती डुप्लिकेट नव्हेत. मात्र विक्रेता ‘जंबो’ म्हणाला की आधी कान बघ. कान लहान, कपाळाला दोन उंचवटे आणि पाठ मध्ये फुगलेली असेल तर चित्रकाराने समोर ठेवलेला हत्ती हिंदी आहे. तसं कार्ड वहीत ‘नाव जंबोचं, हत्ती हिंदी’ असं लिहून ठेव.

आपल्याकडचा शिळाछाप म्हणजे अर्थात रवि वर्मा प्रेस. 1894 ला मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांत मळवलीला गेला. कमळावर उभी लक्ष्मी आणि मागे पाण्यात सोंडेत हार धरलेला हत्ती, हे चित्र आपल्या किती घरांत होतं ते तुला सांगायला नको. खऱ्या जुन्या प्रतीवर वार्निश असतं. ते पिवळं पडतं म्हणून लोक स्पिरिटने पुसतात आणि वार्निशाबरोबर रंगही उचलला जातो. कोरड्या मऊ ब्रशपलीकडे त्याला हात लावू नकोस. जरीकाम, टिकल्या किंवा कापड चिकटवलेली प्रत मिळाली तर ते ‘साफ’ करू नकोस, कारण ती सजावटही त्या चित्राच्या इतिहासाचा भाग आहे. सगळ्यांत मोठं नुकसान करतात फ्रेमवाले. चौकटीत बसवायला खालचा समास कापतात आणि त्यातच प्रेसचं नाव आणि गाव असतं. समास शाबूत असलेली डागाळलेली प्रत आणि समास कापलेली स्वच्छ प्रत समोर आली, तर डोळे मिटून डागाळलेली घे.

कापडाच्या ताग्यांवरची लेबलंही विसरू नकोस. मँचेस्टरहून येणाऱ्या तलम कापडाच्या ताग्यावर देवादिकांची, वाघ-हत्तींची रंगीत चिठ्ठी चिकटवलेली असायची, गिऱ्हाईक माल चित्रावरूनच ओळखायचं. इंग्लंडात 1875 ला व्यापारचिन्ह नोंदणीचा कायदा आला, म्हणून ‘नोंदलेलं’ अशा अर्थाचा मजकूर असलेली चिठ्ठी त्यानंतरची धरायची. मागे डिंक असतो आणि कधी कापडाचे धागे चिकटून राहिलेले असतात. धागे ओढून काढू नकोस.

काडेपेटीच्या छापांमध्ये हत्ती इतके आहेत की तिथेच अडकून पडशील. जपानने हिंदुस्थानच्या बाजारासाठी हत्तीच्या पुष्कळ छापा काढल्या, पुढे आपल्याकडे अंबरनाथची विमको आणि शिवकाशीचे कारखाने आले. इथे चित्रापेक्षा बारीक अक्षरं कामाला येतात. किंमत आण्यात असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर 1957 ते 1964. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरची. पत्त्यात ‘मद्रास राज्य’ असेल तर 1969 च्या आधीची, पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. आता किंमत बदलली तरी जुना साठा संपेपर्यंत छापा वापरल्या जात, त्यामुळे वहीत एकच साल ठोकून देऊ नकोस, ‘या सालानंतर’ किंवा ‘या सालाआधी’ असं लिही.

अशाच तपासाने पोस्टकार्डंही लागतात. दिल्ली दरबाराची हत्तींची मिरवणूक पुष्कळ मिळते. विक्रेता ‘1911, पंचम जॉर्ज हत्तीवर’ म्हणाला तर घेऊ नकोस. 1911 ला राजा दिल्लीत घोड्यावरून शिरला. हत्तींवरचा तो मोठा प्रवेश डिसेंबर 1902 मधला, कर्झनचा. कार्डाची मागची बाजूही बघ. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ ब्रिटनमध्ये 1902 पासून आली, अमेरिकेत 1907 पासून.

संग्रहाची सीमा मात्र आत्ताच आखून टाक. शब्द आहे पण चित्र नाही, चित्र आहे पण शब्द नाही, दोन्ही आहेत, असे तीन रकाने कर. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यानंतर जे चित्रमय पत्रकागद निघाले, त्यांवर हत्ती दिसतो तो ‘हत्ती पाहिला’ या तिथल्या बोलीमुळे. दूरदेशी जाऊन हालअपेष्टा भोगल्या, असा तिचा अर्थ. तो कागद घ्यायलाच हवा. उलट कागदाच्या एका जुन्या मापाचं नावच ‘एलिफंट’ आहे. ऑड्युबन या चित्रकाराची पक्ष्यांची भव्य चित्रं त्याहून मोठ्या, ‘डबल एलिफंट’ कागदावर छापली गेली. त्यांत हत्ती कुठेच नाही. माझ्या मते ती संग्रहात नकोत, नाहीतर शब्दाला काही धरबंधच उरणार नाही.

आता कागद हातात आल्यावरचं. अमेरिकी कार्डं बहुतेक चिकटवहीतून उचकटलेली येतात आणि मागे काळ्या कागदाचे पापुद्रे असतात. कार्ड पाण्यात बुडवायचा सल्ला तुला पुष्कळ जण देतील, मानू नकोस. चकचकीत कार्डावरचा लेप पाण्याने सुटतो, काळ्या कागदाचा रंग पुढे उतरतो आणि जांभळ्या रबरी शिक्क्याची शाई पसरते. त्याऐवजी मिथाइल सेल्युलोजची खळ कर. 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याला 4 ग्रॅम भुकटी. एक तृतीयांश पाणी 80 अंशांपर्यंत तापवून त्यात भुकटी ढवळायची, मग उरलेलं थंडगार पाणी घालून रात्रभर ठेवायची. सगळं पाणी थंड घेतलंस तर गुठळ्या होतात. आधी मागच्या कोपऱ्यावर ओल्या कापसाचा बोळा टेकवून रंग निघतो का ते पाहा. निघत नसेल तर फक्त मागच्या पापुद्र्यावर खळीचा थर दे, 15 मिनिटं थांब आणि बोथट पातीने मऊ झालेला कागद सरकव. एका वेळी निघाला नाही तर पुन्हा थर दे, जोर लावू नकोस. मैद्याची खळ अशी सुटते. सरस सुटत नाही, त्याला ऊब लागते, तिथे थांबून जाणकाराकडे ने. शेवटी टीपकागदात ठेवून वजन दे. टीपकागद पहिल्यांदा अर्ध्या तासाने बदल, मग संध्याकाळी, मग दुसऱ्या दिवशी. वजन लवकर काढलंस तर कार्ड वाकतं.

सेलोटेपचा पिवळा डाग घरी काढायच्या भानगडीत पडू नकोस. त्यातला चिकट थर कागदाच्या तंतूंत उतरलेला असतो. आणि लॅमिनेशन कधीही नाही, कितीही आग्रह झाला तरी. गरम प्लास्टिक कागदात वितळून बसलं की ते सोडवणं जवळपास अशक्य.

ठेवण्यासाठी पॉलिएस्टरच्या पिशव्या घे, 50 ते 75 मायक्रॉनच्या. बाजारात ‘फोटो-सेफ’ म्हणून पीव्हीसी प्लास्टिकची पिशवीही खपवतात, तिच्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ शाई उचलतो. ओळखायची रीत अशी: तांब्याची तार लाल होईपर्यंत तापव, पिशवीच्या तुकड्याला टेकव आणि पुन्हा ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे घराबाहेर, मोकळ्या हवेत कर, धूर वाईट असतो.

आपल्या पावसाळ्यात खरी लढाई दमटपणाशी. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि कोकणात-मुंबईत ती 80 च्या वर सहज जाते. झाकण घट्ट बसणारा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि नारिंगी सिलिका जेल. आकडा 45 वर आला की जेल काढून घे, अति कोरडा कागद कडेने तडकतो. जेल हिरवं पडलं की 120 अंशांवर दोन तास भाजून पुन्हा वापर. स्वस्तातले मापक खोटं बोलतात, म्हणून आधी पारख. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलाएवढं ओलं कर, मापकासकट पिशवीत बंद कर, रात्रभर ठेव. सकाळी 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं तर पाच मिळवून वाचायचं. कसर खळीसाठी आणि डिंकासाठी येते, म्हणून नवा माल थेट संग्रहात ठेवू नकोस. हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेव, मग बाहेर काढून पिशवी न उघडता एक दिवस जाऊ दे. लगेच उघडलीस तर थंड कागदावर पाणी धरतं.

स्कॅन 600 डीपीआयला, काडेपेटीच्या छापा 1200 ला, टिफ फाइलमध्ये, पुढची-मागची दोन्ही बाजू. यंत्राचं ‘आपोआप सुधारणा’ बंद ठेव, नाहीतर ठिपके पुसले जातात आणि छपाईची पद्धत स्कॅनवरून कळत नाही.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे आधी काडेपेट्यांपासून सुरुवात कर. महाग चूक होणार नाही आणि डोळा तयार होईल. जंबोचं पहिलं कार्ड घ्यायच्या आधी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा आणि कानाच्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागव आणि मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र