माइक कुठे ठेवायचा?

जिंजा, युगांडा

प्रिय सुहास,

मावळातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या तू रेकॉर्ड करणार, हे वाचून फार आनंद झाला. रेकॉर्डर कुठला घेऊ, या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. बॅटरीवर चालणारा, 24 बिटवर वेव्ह फाइल करणारा कुठलाही चालेल. पैसे उरले तर वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घे. खरा प्रश्न माइक ठेवायचा कुठे, हा आहे, आणि तो मला इथल्या बुसोगा भागातल्या वादकांमुळे कळला.

त्यांच्याकडे एम्बायरे नावाचं वाद्य आहे. जमिनीत खड्डा खणतात, दोन्ही काठांवर केळीचे बुंधे आडवे टाकतात आणि त्यांवर लाकडाच्या जाडजूड पट्ट्या ओळीने मांडतात. आवाज खड्ड्यात घुमतो. खालच्या सुराच्या पट्टीवर टोला पडला की तो कानांइतकाच तळपायांनाही कळतो. हे एकच वाद्य दोन्ही बाजूंना बसून सहा-सात जण वाजवतात.

एकाचे टोले दुसऱ्याच्या टोल्यांच्या बरोबर मध्ये पडतात. शेजारच्या बुगांडा राज्यातल्या अमादिंदा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचंही तसंच. बारा पट्ट्या, समोरासमोर दोघे वादक, आणि तिसरा फक्त वरच्या दोन पट्ट्यांवर. समोरासमोरच्या दोघांनाही आपापला टोलाच समेवर वाटतो! ऐकणाऱ्याला मात्र त्यातून अशी चाल ऐकू येते, जी कुणा एकाच्या हातून वाजतच नाही. वेताच्या विणीसारखं आहे, एक पट्टी ओढून पाहिली तर नक्षी दिसत नाही.

म्हणून माइक एका वादकाजवळ नेला की त्याचाच भाग वर येतो आणि चाल विस्कटते. लांब ठेवला तर चाल छान येते, पण उद्या कुणाला शिकायचं झालं तर कोण काय वाजवतंय ते सुटं करता येत नाही. एका वयस्क वादकांना मी विचारलं. त्यांनी नाचणारे उभे राहतात ती जागा दाखवली, कारण वाद्य त्यांच्यासाठीच वाजतं. आता मी आधी तिथून सगळं एकत्र घेतो, आणि मग एकेकाचा भाग सुटा वाजवून घेतो. दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. 1966 साली मेंगोतल्या काबाकाच्या, म्हणजे बुगांडाच्या राजाच्या, राजवाड्यावर सरकारी सैन्य चालून गेलं. काबाका परागंदा झाला आणि दरबारी वादकांचा आसरा गेला. सुरात लावलेले बारा आणि साथीचे तीन अशा पंधरा ढोलांचं एन्तेंगा तिथेच वाजायचं. ह्यू ट्रेसी आणि क्लाउस वाक्समान या संगीत-संशोधकांनी त्याआधी दरबारचं संगीत मुद्रित करून ठेवलं होतं, हे केवढं मोठं काम! पण वाक्समान यांचा संग्रह वर्षानुवर्षं लंडनमध्ये होता. त्याच्या प्रती कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात पोचायला फार उशीर झाला. ज्यांचं संगीत, त्यांच्याच नातवंडांना ते ऐकता येऊ नये, याचा मला राग येतो. मी गाव सोडण्याआधी मेमरी कार्डवर प्रत देऊन येतो. तूही दे.

आता तुझ्या ओव्या. नुसतं गाऊन दाखवा म्हणू नकोस. जात्यात खरं धान्य घालू दे, जातं फिरू दे, कारण लय त्या ओढीतून येते. दोघी दळायला बसल्या तर माइक दोघींपासून सारख्या अंतरावर हवा. त्याचा स्टँड घडी घातलेल्या गोधडीवर ठेव, म्हणजे जात्याची घरघर जमिनीतून चढणार नाही. आणि माइक नक्की कुठे, ते आज्यांनाच ऐकवून ठरव. हेडफोन आधी त्यांच्या कानाला लाव. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या लाखावर ओव्यांच्या संग्रहात गावाची आणि गाणाऱ्या बायांची नावं नोंदलेली आहेत. तेवढी शिस्त आपणही पाळू या.

पहिल्या दिवसाचं मुद्रण कापाकापी न करता तसंच पाठव. मी नीट ऐकून काय वाटलं ते सविस्तर कळवतो.

तुझा,
अनिकेत