ताहितीचा एक गोल

सोलापूर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज वाचला. मेसेजवर उत्तर दिलं की तू एक अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून मुद्दाम कागद घेतलाय. ‘फुटबॉलचा कॉन्फेडरेशन्स कप बंद पडला तर काय बिघडलं? वर्ल्ड कपची रंगीत तालीम होती ती,’ असं बिनधास्त लिहिलंस. काय बे, पुण्याला गेलास म्हणून एवढा शहाणा झालास?

तालीम होती हे खरंच. २००५ पासून वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी त्याच देशात ही स्पर्धा व्हायची, मैदानं आणि व्यवस्था तपासून घ्यायला. आणि तालीम जिंकणाऱ्याचं नाटक हमखास पडायचं! ही स्पर्धा जिंकून लगेचचा वर्ल्ड कप कोणीच जिंकला नाही. २००१ ला फ्रान्स जिंकला आणि २००२ ला एकही गोल न करता घरी गेला. २०१३ ला ब्राझीलनं अंतिम सामन्यात स्पेनला ३-० लोळवलं, पुढच्या वर्षी जर्मनीनं त्यांचं १-७ काय केलं ते तुला सांगायला नको. २०१७ ला जर्मनी जिंकली, तर २०१८ ला गटातच गारद.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. १९९२ मध्ये सौदी अरेबियात राजाच्या नावानं चार संघ बोलावून हे सुरू झालं. १९९७ पासून फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, ते हाती घेतलं आणि आठ संघ केले: सहा खंडांचे सहा विजेते, एक विश्वविजेता, एक यजमान. यातल्या ‘सहा’वर बोट ठेव. ओशनियाला, म्हणजे न्यूझीलंड आणि पॅसिफिकमधल्या बेटांच्या गटाला, वर्ल्ड कपची हक्काची जागा २०२६ साठी पहिल्यांदा मिळाली, तोवर त्यांच्या विजेत्याला दुसऱ्या खंडाच्या संघाशी जादा सामन्याच्या, प्लेऑफच्या, दारात उभं राहावं लागायचं. इथे मात्र खंड जिंकला की थेट आत.

म्हणून तर पॅसिफिकमधलं ताहिती हे चिमुकलं बेट २०१३ ला ब्राझीलला पोचलं. ऑस्ट्रेलिया फुटबॉलपुरता ओशनिया सोडून आधीच आशियाच्या गटात गेलेला, न्यूझीलंडला २०१२ च्या उपांत्य सामन्यात न्यू कॅलेडोनियानं घरी पाठवलेलं, आणि अंतिम सामना ताहितीनं १-० नं मारला. संघात पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू एकच, मारामा वाहिरुआ.

नायजेरियाविरुद्धचा त्यांचा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला लागला होता. घरचे झोपलेले म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला, पण शेजारच्या कारखान्यातले माग रात्रपाळीला चालूच, त्यामुळे समालोचनाऐवजी खटखट. तिथला एक कामगार पाणी प्यायला आला आणि दारातच उभा राहिला. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. नायजेरियाचे तीन गोल झालेले. मग ५४व्या मिनिटाला कॉर्नरवरून जोनाथन तेहाऊनं डोकं लावलं, चेंडू आत! ताहितीची पोरं ओळीनं बसून होडी वल्हवल्यासारखे हात मारायला लागली आणि ब्राझीलचं अख्खं स्टेडियम उठलं. कामगारानं विचारलं, ‘मालक, हरायलेत तेच का नाचायलेत?’ मी सांगितलं, तर तो खाली बसला आणि बराच वेळ पाळीवर गेलाच नाही. सामना ६-१ संपला, त्यात तेहाऊचा एक स्वयंगोलही आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी खातं उघडलं पठ्ठ्यानं.

पुढे रिओच्या माराकाना स्टेडियमवर स्पेनकडून १०-० हार. सामन्याआधी ताहितीच्या खेळाडूंनी स्पेनवाल्यांच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या. टोरेसनं चार गोल केले, पण त्याची पेनल्टी क्रॉसबारवर आपटली तेव्हा प्रेक्षकांनी जो जल्लोष केला तो त्या चारांना नव्हता. मग उरुग्वेकडून ८-०. चोवीस खाल्ले, एक मारला. तू म्हणशील, कसला सामना हा? मी म्हणतो, तोच तर सामना. स्पेनला ताहितीशी खेळायला लावणारी दुसरी स्पर्धा दाखव.

सगळं गोडगोड नव्हतं. २६ जून २००३ ला लियोंमध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कोलंबियाविरुद्ध उपांत्य सामन्यात मैदानाच्या मधोमध कोसळला आणि गेला. वय २८. तो सामना कॅमेरूननं जिंकला, अंतिम सामनाही खेळले. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

२०१९ मध्ये फिफानं या स्पर्धेचा गाशा गुंडाळला, क्लबांचा मोठा वर्ल्ड कप हवा म्हणून. तुझं पुढचं उत्तर मला माहीत आहे: ‘त्यात न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी क्लब होता की!’ होता. २०२५ ला जर्मनीच्या बायर्नकडून १०-० हरले आणि अर्जेंटिनाच्या बोका ज्युनिअर्सला १-१ रोखलं. मलाही आनंद झाला. पण क्लब म्हणजे देश नव्हे. आणि युरोप व दक्षिण अमेरिका या दोनच खंडांच्या विजेत्यांचा सामना, ती फिनालिसिमा? २०२२ ला लंडनच्या वेम्बलीवर अर्जेंटिनानं इटलीला ३-० हरवलं, म्हणजे गावजेवण मोडून दोन श्रीमंत सोयऱ्यांनी आपापसात पंगत मांडली. आफ्रिका, आशिया, उत्तर अमेरिका, ओशनिया दाराबाहेर.

भारत १९६४ ला आशिया चषकात दुसरा आला होता. तो चषक कधीतरी जिंकू आणि या स्पर्धेत ब्राझीलसमोर उभे राहू, असं एक वेडं गणित मी वर्षानुवर्षं मांडत होतो. हसू नकोस. वर्ल्ड कपपेक्षा हा रस्ता तरी जवळचा होता.

बाकी इकडे ठीक. अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या ऑर्डरी बऱ्या आहेत, पार्क मैदानावर नेहमीसारखं क्रिकेट. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेला येणार ना? वहिनींना आणि पोरांनाही घेऊन ये. शेंगा चटणी किती किलो करायची, आई विचारतेय, तेवढं लवकर कळव.

तुझाच,
दत्त्या