डावं चाक

इंदूर,
रविवार

प्रिय दिगू,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘हेराल्ड काय म्हणते?’ आणि मी ‘झकास पळते गाडी’ म्हणून विषय बदलला. थाप होती रे. त्या वेळी मी मानपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो होतो. पुढचं डावं चाक इतकं तापलं होतं की हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, बोट लावता येईना, आणि जळक्या ग्रीसचा वास सुटलेला. उजव्याला हात लावून पाहिला, ते जेमतेम कोमट. महेश्वर राहिलं. हिने डब्यातल्या पुऱ्या तिथेच, बाभळीखाली सोडल्या.

दीड वर्षातलं हे तिसरं बेअरिंग, आणि तिन्ही वेळा डावंच. बाबांच्या हातात गाडी होती तेव्हा हे बेअरिंग एकदाच बदललेलं मला आठवतं. म्हणून मी आधी मालाला शिव्या घातल्या, मग बायपासच्या खड्ड्यांना.

पहिल्यांदा गेलं तेव्हा नुसता आवाज होता. पन्नासच्या पुढे घूंऽऽ सुरू व्हायचं, उजवीकडे वळलं की वाढायचं, डावीकडे वळलं की दबायचं. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, तेव्हा उजवीकडे वळताना ओरडतं ते डावं, एवढं मलाही कळतं. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं तर खुळखुळत होतं. हिला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, खुळखुळ थांबली. म्हणजे दोष बेअरिंगचा, ट्रनियनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्याचा, नव्हे. ट्रनियनची मला खरी धास्ती. तिथे ग्रीस नको, गिअर ऑईल घाला, हे इथे कुणाला पटत नाही. सगळे ग्रीसगन घेऊनच धावतात. असो.

गाडी दिली कोपऱ्यावरच्या पोराकडे. पोरगा चुणचुणीत, पण वाढला सगळा मारुतीवर. त्याने कोन, म्हणजे रोलरसकट आतली कडी, नवी घातली. हबमध्ये ठोकून बसवलेला बाहेरचा कप मात्र काही केल्या निघेना. मला दुसऱ्या दिवशी मुंजीसाठी देवासला जायचं होतं. मीच म्हणालो, ‘राहू दे, चकाकतोय की कप.’ दिगू, हे वाक्य मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

जुन्या कपात नवा कोन टिकला नाही. दुसऱ्या वेळी कप निघाला, छिन्नीने. दोनशे किलोमीटर झाले नसतील, चाक परत हलायला लागलं. पोराने नट आवळला. आठवड्याने परत हललं, परत आवळला, या खेपेला पान्याला पाइप लावून. ‘भिया, अब नी हिलेगी!’ नाहीच हलली. मीसुद्धा खूश होऊन त्याला चहा पाजला. त्यानंतर तिसरं बेअरिंग घातलं तेही त्याच जोराने आवळलं, आणि घाटाच्या तोंडाशी ते असं शिजलं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या फिटरकाकांकडे गेलो. हुकुमचंद मिलमध्ये होते, 1991 ला मिल बंद पडली तेव्हापासून घरीच. त्यांनी बेअरिंग रॉकेलात धुतलं, खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग रोलरची जाड टोकं दाखवली. निळी पडली होती. निमुळता रोलर फिरताना त्याचं जाड टोक कोनच्या काठाला घासत असतं. नट जास्त आवळला की तो घासा वाढतो, चाक तापतं, ग्रीस पातळ होऊन पळतं. साधं लिथियम ग्रीस साधारण 180 अंशांच्या आसपास ठिबकायला लागतं. मारुतीच्या पुढच्या चाकाचा नट जोर लावूनच आवळायचा असतो, म्हणून पोराची सवय ती. हेराल्डला ती मारक.

‘पण मग उजवं कसं टिकलं?’ मी विचारलं. काकांनी हब मागवला, आत करंगळी फिरवली आणि माझी करंगळी धरून त्याच जागी टेकवली. छिन्नीने उठलेला बारीकसा बर, म्हणजे धातूचा कंगोरा. नवा कप त्याच्यावर केसभर तिरका बसला, मग चालता चालता बर चेपला, कप सरकला, चाक ढिलं झालं, आणि आम्ही दर वेळी नट आवळत राहिलो. उजव्या चाकाला कुणी हातच लावला नव्हता, म्हणून ते बिचारं बरं.

काकांनी बर कानशीने घासला, जुना कपच नव्या कपावर धरून तो सरळ ठोकून बसवला. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंग त्यात दाबत दाबत रोलरांमध्ये भरलं. हबच्या पोकळीत मात्र फार कोंबू दिलं नाही. मग चाक हाताने फिरवत नट अडेपर्यंत आवळला आणि त्याच्या सहा पैलूंपैकी एका पैलूइतका मागे घेतला. स्प्लिट पिन घातली. चाक हलवून पाहिलं तर अगदी पुसटशी टक. मी म्हणालो, ‘काका, हलतंय.’ म्हणाले, ‘हलू दे. दोन ते आठ थाऊ सैल हवंच.’ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्या रात्री ती टक मला झोपेत ऐकू आली.

आता तीनशे किलोमीटर झाले, घूं नाही. मी मात्र दर थांब्याला उतरून दोन्ही हबना हात लावतो. सिमरोळच्या टपरीवाल्याला वाटतं, मी गाडीच्या पाया पडतो.

एक काम कर. हबच्या आतल्या बाजूची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, सील पार कुजली होती. काकांनी जुन्या नमद्यातून कापून, तेलात भिजवून तात्पुरती बसवली आहे. पुण्यात रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात चक्कर मार, हेराल्डची दिसली तर चार घे. आणि येताना उगाच चितळ्यांची बाकरवडी आणू नकोस, इथे शेव आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या